सेगवेवर पप्पा

‘कुणाला चक्करबिक्कर येते का?’ मॅल्कमने विचारलं आणि पप्पा म्हणाले, ‘नाही.’

किती साधं म्हणाले. चहात साखर कमी आहे का असं कुणी विचारावं आणि आपण कपातून मान वर न काढता नाही म्हणावं, तसं. मी तेव्हा हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावत होते. तो खटकन बसला आणि मधे कातडी चिमटली गेली, तरी मी ओरडले नाही. ओरडले असते तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं, आणि माझा चेहरा काही लपवण्याच्या कामाचा नाही. मॅल्कम म्हणजे आमचा गाइड, गळ्यात शिट्टी आणि क्रॉस एकाच दोरीत. तो एकेक प्रश्न विचारून एकेक बोट मिटत होता. हार्टचा त्रास? नाही. कुणी प्रेग्नंट? यावर पुण्याहून आलेली रुचा नवऱ्याकडे बघून इतकी हसली की तिचं हेल्मेट डोळ्यांवर आलं, आणि तो विनीत म्हणाला, ‘अजून तरी वार्ता नाही.’ त्या हसण्यातच चक्करचा प्रश्न आला आणि त्या हसण्यातच पप्पांचा ‘नाही’ विरघळून गेला. कुणाच्या लक्षातही आला नाही. मला मात्र तो ‘नाही’ पायात खडा टोचावा तसा टोचला, आणि आता बूट काढून बघायचीही सोय नव्हती.

पप्पा बसचे ड्रायव्हर आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून. डिसेंबरात एका सकाळी ते गादीवर उठून बसले आणि बसल्याबसल्या कपाटावर कलंडले. ‘सीमा, खोली धर,’ म्हणाले मम्मीला. खोली धर! मम्मीला आधी हसूच आलं. वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची एवढीशी खोली, ती पळून पळून जाणार कुठे. मग त्यांना उलटी झाली आणि कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागेवरून सरकले की मान जरा हलवली तरी डोक्याला वाटतं दुनिया गरगर फिरतेय. मला ते इतकं भारी वाटलं होतं की मी वर्गात सांगत सुटले, माझ्या पप्पांच्या कानात खडे सरकले, जणू त्यांनी पराक्रमच केला होता. त्यांना गाडीवरून उतरवून डेपोत हलकं काम दिलं. हलकं म्हणजे खुर्चीवर बसायचं. ते त्यांना इतकं जड जायचं की संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढून ते दाराशीच उभे राहायचे, पुढे काय करायचं असतं ते विसरल्यासारखे. होळीच्या आसपास एकदा जेवताना म्हणाले, ‘गेले खडे.’ विषय संपला. येत्या बुधवारी त्यांची मेडिकल आहे, ती पास झाली की पुन्हा स्टिअरिंग. मम्मीने बुधवारसाठी त्यांचा युनिफॉर्म कडक इस्त्री करून ठेवलाय, आणि घरात सगळे त्या हॅंगरला वळसा घालून चालतात. पण खडे गेलेले नाहीत. गेल्याच आठवड्यात मी क्लासवरून आले तर पप्पा चाळीच्या लांब पॅसेजमध्ये एकटे भिंतीला हात लावून उभे होते, डोळे मिटून. मी ‘पप्पा?’ म्हटलं तर त्यांनी एक डोळा उघडला आणि तोच मिटला. डोळा मारला की मिटला ते मला अजून कळलेलं नाही. मी मारला असं समजले. पप्पांनी डोळा मारला की त्यांची नि माझी पार्टी असते, मग मम्मीलासुद्धा सांगायचं नसतं.

आणि ही सहल त्यांनीच ठरवलेली. ‘प्रितू, एक मेला काही ठरवू नकोस, आपण दोघं टूरवर.’ कुठे? लोअर परळला! घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ, एका जुन्या गिरणीच्या आवारात, जिथे आता ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. सुट्टीच्या दिवशी ती बंद असतात, म्हणून मोकळ्या रस्त्यांवरून सेगवेवर उभं राहून फिरवतात आणि गिरणीची माहिती सांगतात. मम्मी म्हणाली, ‘उभं राहून? बसायला पण देत नाहीत? मला नको रे बाबा, माझी साडी चाकात जाईल.’ मी तर नाचलेच. नववी संपली म्हणून, माझ्यासाठी, फक्त माझ्यासाठी. असं मला वाटत होतं, हेल्मेटचा पट्टा लागेपर्यंत.

सेगवे म्हणजे काय, दोन चाकं शेजारी शेजारी, मधे पाय ठेवायला पाट, आणि समोर एक दांडा. दिसायला असं, की हात लावला तर पडेल. पण ते उभं राहतं. स्वतःचं स्वतः. आत कायतरी आहे म्हणे, ते सारखा तोल बघत असतं. पुढे झुकलं की पळायचं, मागे झुकलं की थांबायचं. पप्पांनी पाटावर चढायच्या आधी वाकून सगळीकडून पाहिलं, गाडी ताब्यात घेताना बघतात तसं, आणि विचारलं, ‘ब्रेक कुठाय?’

‘ब्रेक नाय, अंकल. ब्रेक तुम्हीच.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे बॉडी. बॉडी मागे घेतली की थांबला. टेन्शन नाय घ्यायचं. खाली नाय बघायचं. सरळ उभा राहायचा, एकदम साहेबासारखा.’

पप्पा चढले. जरा पुढे गेले, आणि मग त्यांनी थांबायला म्हणून जे केलं ते मी त्यांच्या मागे उभी होते म्हणून मला दिसलं. त्यांनी उजवा पाय दाबला. इतक्या वर्षांचा ब्रेक होता तो, पायातच राहिलेला. पण चवडा दाबला की अंग पुढे जातं, आणि अंग पुढे गेलं की सेगवे समजतं, साहेबांना घाई आहे. ते सुसाट सुटलं, पप्पांनी अजून जोरात ब्रेक दाबला, ते अजून पळालं. मॅल्कम शिट्टी फुंकत मागे धावला, ‘मागे, अंकल, मागे!’ आणि कुंड्यांच्या रांगेशी त्याने दांडा धरला. रुचा-विनीत टाळ्या वाजवत होते. मीसुद्धा हसले, इतकी हसले की पोट धरलं, आणि पप्पा वळून म्हणाले, ‘हस, हस. बापाला पहिल्यांदा गाडी शिकताना बघतेयस ना.’ त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. सकाळचे आठच वाजलेले, सावली होती, तरी घाम.

मला स्वतःला ते पहिल्याच फटक्यात जमलं. उगाच लाजून कशाला सांगायचं, जमलंच. कारण सेगवेला पोक चालत नाही, आणि मी ह्याच वर्षी पोक काढणं सोडलंय. मी वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. मुलग्यांच्याही वर डोकं. सातवी-आठवीत ‘ए टॉवर, वर रेंज येते काय गं?’ ऐकून ऐकून मी खांदे पुढे घेऊन, मान आत घालून चालायला शिकले होते, कासवासारखी. मग ह्या जानेवारीत गॅदरिंगला निवेदन माझ्याकडे आलं. स्टेजवर गेले तर माइकचा स्टॅंड माझ्या छातीशी. एक सेकंद मी वाकणार होते, शप्पथ. आणि मग मी वाकायच्या ऐवजी स्टॅंडच वर ओढला. कर्रर्र असा आवाज हॉलभर घुमला, पोरं हसली, आणि मी म्हटलं, ‘नमस्कार, आता रेंज आली.’ काय टाळ्या पडल्या! त्या दिवसापासून मी जेवढी आहे तेवढी उभी राहते. घरीसुद्धा माझी उंची कामाला आली. माळ्यावरचे डबे काढायचे, प्रितू. ट्यूब बदलायची, प्रितू. बाबासाहेबांच्या तसबिरीवरची धूळ, जी पुसायला पप्पा स्टुलावर चढायचे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, तीसुद्धा आता मी पुसते. ‘घरात उंच माणूस असलं की बरं असतं,’ पप्पा म्हणाले होते, आणि मला पंख फुटले होते.

तर मी निघाले, ताठ, आणि माझ्याखालून रस्ता आपोआप मागे जायला लागला. काय सांगू. पाय हलत नाहीत आणि आपण जातोय. विचार आला की चाक फिरतं, इतकं ते अंगाला चिकटलेलं. गालाला वारा, रिकाम्या ऑफिसांच्या काचांतून आमची पाच जणांची वरात सरकताना दिसत होती, पुढे मॅल्कम, मग पुण्याची जोडी, मग मी, शेवटी पप्पा. मी सारखी काचेत बघत होते. त्यात पप्पांचं हेल्मेट सरळ होतं, हलत नव्हतं. फारच हलत नव्हतं. भरलेला हंडा डोक्यावर असल्यासारखी त्यांनी मान धरली होती.

एका लांब शेडमध्ये मॅल्कमने आम्हाला आत नेलं. आता तिथे जिम आहे, काचेपलीकडे पळायची यंत्रं रांगेत उभी. ‘हा विव्हिंग खाता होता. कपडा विणायचे इकडे. वर बघा, वर बघा, हे छप्पर असं करवतीसारखं का आहे? उजेड उत्तरेकडून यायला पायजे म्हणून.’ रुचा, विनीत, मी, सगळ्यांनी वर पाहिलं. कापलेल्या छतातून मऊ पांढरा उजेड खाली येत होता, पीठ चाळल्यासारखा. पप्पा माझ्या शेजारी आले आणि हळूच म्हणाले, ‘तुझे पणजोबा सीताराम, ते गिरणीत होते. पण विणायच्या खात्यात पाऊल टाकायला नव्हतं त्यांना.’ का, म्हटलं. ‘मागावरच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढायला लागायचा. आपल्या लोकांचं तोंड लागलेला धागा बाकीच्यांना चालायचा नाही.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, बसचा मार्ग सांगावा तसं सांगितलं. मग त्यांनी चाकाकडे पाहिलं, जिमच्या चकचकीत फरशीवर आमच्या चाकांच्या धुळीच्या रेघा उठल्या होत्या, आणि ते म्हणाले, ‘आज पणतीने डायरेक्ट गाडी घातली.’ मी खुदकन हसले. आणि त्याच वेळी मला दिसलं, की आम्ही सगळे छताकडे बघत होतो तेव्हा पप्पा समोर बघत होते. आत्ताही समोरच बघत होते.

मग मी मोजायलाच लागले असं नाही, पण नजर सुटेना. मॅल्कम म्हणायचा वर बघा, जुना भोंगा तिकडे होता. आम्ही वर, पप्पा समोर. वर बघा, घड्याळ बंद पडलंय. आम्ही वर, पप्पा ‘हो, हो’ म्हणत समोर. आणि फिरत्या चाकावर उभ्या उभ्या माझ्या डोक्यात माळ्यावरचे डबे एकेक करून खाली यायला लागले. पिठाचा डबा. ट्यूब. तसबीर. ते सगळं मी उंच झाले म्हणून माझ्याकडे आलं नव्हतं. पप्पांना वर बघता येत नव्हतं म्हणून आलं होतं. जानेवारीपासून मी जी घरात राणीसारखी फिरत होते, ती त्यांच्या कानातल्या खड्यांवर उभी होते. माझे खांदे आपोआप पुढे आले, मान आत गेली, आणि सेगवे गोंधळलं, थरथरलं, थांबायला लागलं. ‘ए बेबी, सरळ!’ मॅल्कम ओरडला. मी सरळ झाले. सरळ व्हायलाच लागतं, नाहीतर पडतो. पण मला रडू येत होतं आणि मजाही वाटत होती, दोन्ही एकदम, आणि वारा दोन्हीला सारखाच लागत होता. तसबिरीवर मी फडकं फिरवत असताना पप्पा कॉटवर बसून काय बघत असतील? माझे पाय? इतक्या लाडाने सांगायचे, ‘डाव्या कोपऱ्यात राहिलंय गं.’ न बघताच सांगत होते. तो कोपरा त्यांना पाठ होता.

शेवटी चिमणी आली. विटांची, खूप उंच, आवाराच्या मधोमध, एकटी. सगळे गोल करून थांबलो. मॅल्कमने हात वर केला. ‘आता हे तर सगळ्यांना बघायलाच लागेल. पार टोकापर्यंत. टोकावर नाव आहे गिरणीचं, वाचून दाखवा कोण दाखवतो.’ मी पप्पांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते डोळा मारतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर पार्टीबिर्टी काही नव्हती, परीक्षेला बसलेल्या मुलाचा चेहरा होता तो, प्रश्नपत्रिका हातात आल्यावरचा. आणि मला लख्ख कळलं की टूर माझ्यासाठी नव्हती. सकाळचा तो ‘नाही’सुद्धा सहज नव्हता. नको पप्पा, असं मला म्हणायचं होतं. मी, जी हॉलभर माणसांसमोर बोलते, मला एवढे दोन शब्द आले नाहीत, कारण म्हटले असते तर सगळ्यांना कळलं असतं, आणि नाही म्हटले तर. आणि पप्पांनी मान वर केली.

विटांवरून त्यांची नजर चढत गेली, मधल्या लोखंडी कड्यांपर्यंत, त्याच्याही वर. मग त्यांचे डोळे एका बाजूला सरकले, परत आले, परत सरकले, झपझप, त्यांच्या मनाविरुद्ध. हातांची बोटं दांड्यावर पांढरी झाली. आणि उजवा पाय दाबला गेला. ‘पप्पा, मागे! ब्रेक नको, मागे!’ मी ओरडले, माझा आवाज चिमणीला लागून परत आला. सेगवे सरळ हॉटेलाच्या उपड्या ठेवलेल्या खुर्च्यांकडे निघालं. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. मी पुढे झुकले, त्यांच्या बरोबरीने आले आणि एका हाताने त्यांचा शर्ट मागून खेचला, पाठीवरचा, मुठीत येईल तेवढा. पप्पा मागे आले. ते थांबलं. मॅल्कम पोहोचला तोवर पप्पा पाटावरून उतरून जमिनीवर बसले होते, डोळे मिटून, दोन्ही तळवे फरशीवर टेकून. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या हातावर हात ठेवून जमीन धरली. पप्पांच्या हाताखाली ती फिरत होती, माझ्या हाताखाली नव्हती.

‘मॅल्कम,’ थोड्या वेळाने ते डोळे न उघडता म्हणाले, ‘मला चक्कर येते. तू विचारलंस, मी नाही म्हटलं.’

‘अरे अंकल,’ मॅल्कमचा चेहरा उतरला होता, ‘तवाच बोलायचा ना. बॅटरीची गाडी आहे आपल्याकडे, तिच्यात बसवला असता. म्हाताऱ्यांसाठी ठेवली आहे.’

‘म्हाताऱ्यांसाठी!’ पप्पांनी एक डोळा उघडला. ‘ऐकलंस, प्रितू?’

रुचाने पाण्याची बाटली पुढे केली. ‘काका, माझ्या सासूबाईंना अगदी हेच आहे. त्या तर जाईल तिथे सांगतात. लगेच बसायला जागा मिळते म्हणतात.’

‘आईला बरं वाटतंय गं आता,’ विनीत म्हणाला.

‘मला माहितीये. तरी सांगतात.’

पप्पा हसले, अगदी हळू, डोकं न हलवता. मग ते तिघं जरा लांब गेले, चिमणीचे फोटो काढायला, मुद्दामच गेले असणार. आम्ही दोघं जमिनीवरच.

‘बुधवारी पण एवढंच असतं, प्रितू,’ पप्पा म्हणाले. ‘बीपी बघतात, डोळे बघतात. आणि विचारतात, चक्कर येते का. एवढंच. आपण सांगायचं ते खरं धरतात. मला बघायचं होतं, जमतं का.’

‘सेगवे?’

‘“नाही” म्हणायला.’

‘जमलं ना,’ मी म्हटलं. ‘मला कळलं, पण बाकी कुणाला काहीच कळलं नाही. एकदम मस्त जमलं.’

‘हो ना,’ ते म्हणाले. ‘इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. गाडीत माणसं असतात गं. उभी असतात, एका हाताने वर धरून. पोरं असतात दप्तरं घेऊन.’ आणि मग, ‘बुधवारी सांगून टाकणार. येते म्हणून.’

‘मग ते गाडी देणार नाहीत.’

‘आत्ता नाही देणार.’

‘कधी देतील?’

‘ते खड्यांना विचार.’

मम्मीला कोण सांगणार, युनिफॉर्मचं काय, डेपोतल्या त्या खुर्चीचं काय, हे सगळं मला विचारायचं होतं, पण मी त्यांच्या पाठीवरचा शर्ट सारखा करत बसले. मुठीत धरला तिथे चुरगळून त्याचा बोळा झाला होता. सारखा होईना. मला एकदम वाटलं, उंच असण्याचं काय, मी काही पप्पांच्या खड्यांमुळे उंच दिसत नव्हते, उंच आहेच. आणि हात पोचला ना. तो लांब होता म्हणूनच पोचला.

परतीचा रस्ता पप्पांनी चालायचा ठरवला. म्हाताऱ्यांच्या गाडीला त्यांनी साफ नकार दिला. मॅल्कम त्यांचं सेगवे हाताने ढकलत पुढे गेला, रुचा-विनीत त्याच्यामागे, आणि मी पप्पांच्या बाजूने, त्यांच्या चालीने. सेगवेवर इतकं हळू जाणं सगळ्यात कठीण असतं, माहितीये? जवळजवळ काहीच न करता उभं राहावं लागतं. नुसता श्वास पुढे सोडायचा. पप्पांनी एक हात माझ्या दांड्यावर ठेवला होता, धरायला की मला सावरायला ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

‘काय नाव होतं वर?’ त्यांनी विचारलं. ‘चिमणीवर.’

मी मान मागे टाकली. ‘अर्धं पुसलंय. तीन अक्षरं आहेत फक्त. आणि पप्पा, टोकाला पिंपळ उगवलाय! एवढासा. पानं कशी चमकतायत. एक घार बसलीय, नाही, दोन. एकीच्या तोंडात कायतरी आहे.’

‘काय?’

‘दोरी असेल. घरटं करत असेल. आता उडाली. गोल फिरतेय, पंखच हलवत नाही अजिबात, आणि तिच्या वर ढग आहे, पातळ...’

‘डावीकडे घे,’ पप्पा म्हणाले. ‘खांब आहे.’

मी दचकून खाली पाहिलं. त्यांनी दांडा हलकेच वळवलाच होता, खांब माझ्या खांद्याजवळून गेला.

‘हां, ढग पातळ,’ ते म्हणाले, मान सरळ, डोळे पुढे. ‘सांग तू. रस्त्याकडे माझं लक्ष आहे.’